आवृत्ती कोणती?

पुस्तकाच्या शेवटी जोडलेले शुद्धिपत्र किती जण वाचतात, हा प्रश्न मराठीच्या वर्गात विचारला तर उत्तरादाखल हसूच ऐकू येते. आम्ही दोघे गेली सोळा-सतरा वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि खरे सांगायचे तर शुद्धिपत्रे आम्हीही फारशी वाचत नव्हतो. पाठचिकित्सा शिकवायची, पाठभेदांचे महत्त्व परीक्षेपुरते सांगायचे आणि प्रत्यक्ष वाचताना मात्र हाती आलेली प्रत प्रमाण मानायची, असा आमचा शिरस्ता होता. तो मोडला संगणकाच्या एका शिळ्या उदाहरणामुळे. त्या उदाहरणाची हकिगत आणि तिच्यातून आमचे बनलेले मत वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दोन वर्षांपूर्वी एम. ए. भाग दोनच्या एका विद्यार्थिनीने लघुप्रबंधासाठी आपल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या निवडल्या. आजीच्या तोंडून ऐकून तिने त्या वहीत उतरवल्या, मग संगणकावर टंकित केल्या. या ओव्यांत कोणते शब्द सर्वाधिक येतात याचा एक तक्ता असावा, असे तिला वाटले. आम्ही तिला ‘एनएलटीके’ ही लायब्ररी सुचवली. संगणकाच्या व्यवहारात लायब्ररी म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेल्या, आपल्याला वापरता येतील अशा आज्ञावलींचा संच. पायथन या भाषेतली ही लायब्ररी भाषाभ्यासासाठीच तयार झालेली आहे आणि तिच्यासोबत बंगाली, हिंदी, मराठी व तेलुगू वाक्यांचा एक लहानसा चिन्हांकित संग्रहही मिळतो. तिच्यावरच्या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणाची झेरॉक्स आमच्या कपाटात होती. ती आम्ही तिच्या हाती दिली.

उदाहरण जसेच्या तसे टंकित केल्यावर संगणकाने चूक दाखवली. तिच्या अभियांत्रिकी शिकणाऱ्या मामेभावाने एक शब्द वाढवून दिला आणि चूक नाहीशी झाली. पन्नास शब्दांची यादी पडद्यावर आली. ‘सर्वाधिक वारंवारतेचे शब्द’ असे शीर्षक देऊन ती प्रबंधात गेली, तिच्यावर तीन पानांचे विवेचनही झाले. आम्ही दोघांनी ते वाचले आणि सही केली.

तोंडी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सराव म्हणून ती तो तक्ता मोठ्याने वाचू लागली. सात-आठ शब्दांनंतर थबकली आणि म्हणाली, “सर, ही तर आजीची पहिली ओवी आहे.” खरोखरच होती. तक्त्यात सर्वाधिक वापराचे शब्द नव्हतेच. संहितेच्या आरंभापासून जे शब्द ज्या क्रमाने प्रथम आले, तेच त्या क्रमाने मांडले गेले होते. पुन्हा आलेले शब्द तेवढे गळले होते. तक्ता कानाला ओवीसारखा लागला म्हणून चूक उमगली. डोळ्यांनी वाचणाऱ्या आम्हा दोन मार्गदर्शकांना ती दिसली नव्हती.

नेमके काय घडले होते? स्टीव्हन बर्ड, इवान क्लाइन आणि एडवर्ड लोपर यांचे हे पुस्तक २००९ साली छापले गेले. पायथनची तिसरी आवृत्ती २००८ च्या डिसेंबरात आली होती, पण त्या काळचा बहुतेक व्यवहार दुसऱ्या आवृत्तीत चाले आणि पुस्तकातील उदाहरणेही तिच्यातच होती. पहिल्याच प्रकरणात ‘मोबी डिक’ या कादंबरीतील शब्दांची वारंवारता मोजून दाखवली आहे. त्या वेळी ‘कीज’ ही आज्ञा दिली की शब्द उतरत्या वारंवारतेने मिळत. २०१४ साली एनएलटीकेची तिसरी आवृत्ती आली. तिच्यात मोजणीची अंतर्गत रचना बदलली आणि ‘कीज’ने क्रम लावून देणे बंद झाले. त्या कामासाठी आता ‘मोस्ट कॉमन’ ही स्वतंत्र आज्ञा आहे. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘कीज’च्या उत्तरातून पहिले पन्नास शब्द थेट कापून घेता येत नाहीत, म्हणून संगणकाने चूक दाखवली. मामेभावाने ‘लिस्ट’ हा शब्द वाढवून कापण्याची सोय केली, परंतु क्रमाचा प्रश्न तसाच राहिला.

हा फरक मुळातल्या उदाहरणावरच पडताळता येतो. नव्या आज्ञेने ‘मोबी डिक’ मोजली तर सर्वांत वर स्वल्पविराम येतो, १८,७१३ वेळा. त्याखालोखाल इंग्रजीतले ‘द’ हे उपपद, १३,७२१ वेळा. जुन्या आज्ञेला ‘लिस्ट’चे ठिगळ लावले तर यादी सुरू होते कादंबरीचे नाव, लेखकाचे नाव आणि १८५१ हे प्रकाशनवर्ष यांनी, म्हणजे पुस्तकाच्या मुखपृष्ठाने. इंग्रजी संहितेत ही गफलत पहिल्याच ओळीत उघडी पडते. आमच्या विद्यार्थिनीच्या फाइलीला मुखपृष्ठ नव्हते, ती थेट ओवीने सुरू होत होती. म्हणून गफलत लपली.

यावरून जुन्या उदाहरणांतल्या चुकांचे दोन प्रकार आमच्या ध्यानात आले. काही चुका बोलक्या असतात. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘प्रिंट’ या शब्दानंतर कंस लागत नसे. तिसरीत तो अनिवार्य झाला. कंस नसलेले उदाहरण चालवले तर संगणक तिथेच थांबतो. वाचकाचा वेळ जातो, पण तो फसत नाही. दुसऱ्या चुका मुक्या असतात. उदाहरण चालते, उत्तर येते आणि ते खोटे असते. अनुभवी माणसाला उत्तराचा वास येतो. नवख्याजवळ तुलनेला दुसरे काहीच नसते. उदाहरण आहे तसे उतरवणारा वाचक हा नेहमीच सर्वांत दुबळा वाचक असतो, आणि शिळ्या उदाहरणाचा भुर्दंड त्यालाच पडतो. आमच्या वर्गातल्या मुलांचे याहून वाईट होते. बोलकी चूक समोर आली तरी ती उदाहरणाला दोष देत नाहीत. “आमचं इंग्रजी कच्चं आहे, मॅडम,” असे म्हणून संगणक बंद करतात.

आता दोष कुणाचा? पुस्तककर्त्यांचा म्हणावा तर त्यांनी आपले काम केले आहे. पुस्तकाची महाजालावरील प्रत पायथनच्या व एनएलटीकेच्या तिसऱ्या आवृत्तींसाठी सुधारलेली आहे, तसे तिथे आरंभीच लिहिले आहे, आणि २००९ ची पहिली आवृत्तीही पुसून न टाकता वेगळ्या जागी राखली आहे. शुद्धिपत्र निघाले होते. आमच्या कपाटापर्यंत ते आले नव्हते. झेरॉक्सच्या गठ्ठ्यावर कोणत्या आवृत्तीची प्रत आहे याची एक ओळ लिहिण्याचे कष्ट आम्ही घेतले नव्हते. दोष आमचा होता.

पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना हे सुचू नये याची लाज आम्हाला अधिक वाटली. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ पाहून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, संहिता शुद्ध केली, हे आम्ही दरवर्षी सांगतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पुरी झाली, विष्णु सीताराम सुखठणकरांनी तिची पद्धत घालून दिली, हेही सांगतो. त्या पद्धतीचा गाभा असा की संपादक निवड करतो, पण नाकारलेला पाठ नष्ट करीत नाही. तो तळटिपेत राहतो आणि कोणत्या प्रतीत सापडला तेही तिथे नोंदलेले असते. पुढच्या अभ्यासकाला संपादकाचा निर्णय तपासता यावा, अशी ही व्यवस्था आहे.

साम्य दाखवताना भेदही सांगायला हवा. पोथीचा संपादक मागे जातो. लेखनिकांच्या हातून बिघडण्यापूर्वीचा पाठ त्याला हवा असतो. लायब्ररीच्या उदाहरणात बहुधा लिहिणाऱ्याचे काहीच चुकलेले नसते. २००९ चे ते उदाहरण २००९ साली निर्दोष होते. ते आहे तिथेच राहिले आणि पायाखालची जमीन सरकली. म्हणून ‘हे उदाहरण बरोबर आहे का?’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘कोणत्या आवृत्तीसाठी बरोबर?’ असे विचारले पाहिजे. मराठीत पुस्तकाच्या ‘एडिशन’ला आणि आज्ञावलीच्या ‘व्हर्जन’ला आपण आवृत्ती हा एकच शब्द वापरतो. या बाबतीत आपल्या भाषेने आपली सोयच करून ठेवली आहे. संदर्भ देताना आवृत्ती न लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण आपण कापतो. उदाहरण देताना आवृत्ती न लिहिणाऱ्यालाही तोच न्याय लागू व्हावा.

इथे कुणी म्हणेल, मग आवृत्तीचा आकडा घट्ट बांधून टाका, म्हणजे प्रश्नच मिटला. लायब्ररी एकटी कधीच नसते. ती दुसऱ्या काही लायब्रऱ्यांवर उभी असते, त्या आणखी काहींवर. ज्या आवृत्तींवर आपले काम चालले त्यांची यादी सोबत ठेवण्याची रीत आहे आणि ती चांगली आहे. शोधनिबंधातला आकडा दहा वर्षांनी पुन्हा काढून बघायचा असेल तर ही यादीच उपयोगी पडेल. परंतु शिकवण्याच्या पुस्तकात जुना आकडा कायमचा बांधून ठेवणे हे दुखणे झाकणे होय. याच एनएलटीकेची गोष्ट पाहा. वाक्ये व शब्द वेगळे करण्यासाठी ती ‘पंक्ट’ नावाची सामग्री वापरीत असे. ही सामग्री ज्या पद्धतीने साठवलेली होती, त्या पद्धतीच्या फाइली उघडताना त्यांत दडवलेली घातक आज्ञाही चालून जाऊ शकते, हे निदर्शनास आले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या ३.९ या आवृत्तीत तिच्या जागी ‘पंक्ट टॅब’ ही सुरक्षित मांडणीची सामग्री घेण्यात आली. परिणामी ‘पंक्ट उतरवून घ्या’ असे सांगणारी असंख्य टिपणे एका फटक्यात अपुरी ठरली. ज्याने जुना आकडा बांधून ठेवला त्याचे उदाहरण चालत राहिले, पण धोक्यासकट. ज्याने आकडा तेवढा वाढवला आणि उदाहरण पुन्हा चालवले नाही, त्याचे टिपण मोडले. आकडा आणि उदाहरण यांची दुरुस्ती एकत्रच करावी लागते आणि ती करण्यापूर्वी बदल का झाला हे वाचावे लागते.

कारण वाचण्याचा हा मुद्दा साहित्याच्या माणसाला अधिक जवळचा वाटावा. ‘सायकिट-लर्न’ या लायब्ररीत बॉस्टन शहरातील घरांच्या किमतींची एक प्रसिद्ध सामग्री होती आणि कित्येक पाठ्यपुस्तके तिच्यावरच पहिला धडा देत. ती मूळ १९७८ सालच्या एका शोधनिबंधातली. तिच्यातला एक स्तंभ वस्तीतील कृष्णवर्णीयांच्या प्रमाणावरून काढलेला होता आणि वांशिक विभक्ततेचा घरांच्या किमतीवर अनुकूल परिणाम होतो असे त्यात गृहीत धरलेले होते. लायब्ररीने ही सामग्री २०२१ साली त्याज्य म्हणून जाहीर केली आणि २०२२ च्या डिसेंबरात आलेल्या १.२ या आवृत्तीतून काढून टाकली. आज जुने उदाहरण चालवले तर जो चूकसंदेश येतो त्यात सामग्री का काढली आणि तिच्याऐवजी काय वापरता येईल, दोन्ही सांगितलेले आहे. चूकसंदेशानेच तळटिपेचे काम केले, याचे हे उत्तम उदाहरण आम्ही आता वर्गात देतो. आकड्यांत काही बिघाड नव्हता. बिघाड गृहीतकात होता. अशी दुरुस्ती सुचवण्यासाठी संहिता संशयाने वाचण्याची सवय लागते आणि ती सवय लावणे हे तर आपल्या विषयाचे काम आहे.

आणि काही दुरुस्त्या आपल्यावाचून दुसरे कुणी सुचवणारही नाही. पायथनच्या अंगभूत शोधसूत्रांत ‘शब्दातले अक्षर’ यासाठी एक चिन्ह आहे आणि शब्द वेगळे करण्याच्या अनेक उदाहरणांत तेच वापरलेले असते. इंग्रजीत ते ठीक चालते. देवनागरीतील काना, मात्रा, वेलांटी, उकार यांना मात्र हे चिन्ह अक्षर मानीत नाही. त्यामुळे ‘मराठी’ या शब्दाचे ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे होतात. सायकिट-लर्नच्या शब्दमोजणीत, आपण वेगळे काही सांगितले नाही तर, हेच चिन्ह वापरले जाते आणि एका अक्षराचे तुकडे टाकून दिले जातात. आम्ही ओव्यांतले शब्द घेऊन पाहिले. ‘आई’ शाबूत राहते, कारण दोन्ही स्वर पूर्ण आहेत. ‘आजी’ची ‘आज’ होते. ‘बाई’चे ‘ब’ आणि ‘ई’ असे तुकडे पडून दोन्ही फेकले जातात. शब्द मोजणीतून समूळ नाहीसा होतो. ज्या गाण्यात ओळीओळीला ‘बाई’ यावी त्याच्या तक्त्यात ती एकदाही दिसत नाही आणि संगणक चुकीचा एकही संदेश देत नाही. मुकी चूक म्हणतात ती हीच.

असल्या बारीकसारीक दुरुस्त्या यंत्रानेच कराव्यात, असा एक आक्षेप आम्ही ऐकतो. यंत्राची मदत आहेच. टिम पीटर्स यांची ‘डॉकटेस्ट’ ही सोय २००१ सालच्या २.१ या आवृत्तीपासून पायथनबरोबर मिळते. लिखाणातील उदाहरणे ती स्वतः चालवून पाहते आणि खाली छापलेल्या उत्तराशी ताडते. प्रत्येक टिपणाला ही चाळणी लावावी, याबद्दल दुमत नाही. पण छापलेले उत्तरच चुकीचे असेल, किंवा ताळा जुळत नाही म्हणून कुणी उदाहरणाऐवजी उत्तर बदलून टाकले असेल, तर चाळणीला ते कळण्याचा मार्ग नाही. ‘आजी’चे उत्तर ‘आज’ असे छापले तर ती चाळणीही समाधान पावेल. प्रश्नाला कोड लिहून देणारी आजची कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने जुन्या-नव्या सर्वच लिखाणावर शिकलेली असतात, त्यामुळे शिळे उदाहरण ताज्या आत्मविश्वासाने पुढे येण्याची शक्यता त्यांच्यातही राहते. लेखनिकाच्या हातून अपपाठ पसरतो तसाच हा प्रकार. मूळ लिखाण शुद्ध असण्याची निकड त्याने वाढलीच आहे.

दुसरा आक्षेप आमच्याच व्यवसायबंधूंचा. यात आमच्या विषयाचे काय, आणि याचे श्रेय काय? विषयाचे काय ते वर आलेच आहे. श्रेयाचा प्रश्न मात्र खरा आहे. तीन पानांचे विवेचन लिहिले तर ते प्रकाशन ठरते. तीनशे वाचकांना खोट्या तक्त्यापासून वाचवणारी एका ओळीची दुरुस्ती कुठल्याच रकान्यात बसत नाही. संगणकशास्त्रातला एक थोर माणूस याबाबत वेगळा वागला. ‘द आर्ट ऑफ कम्प्युटर प्रोग्रॅमिंग’चे लेखक डोनाल्ड नूथ आपल्या पुस्तकांतील चूक प्रथम दाखवणाऱ्याला दोन डॉलर छप्पन सेंटचा धनादेश पाठवीत. २००८ पासून धनादेशाच्या जागी एका काल्पनिक बँकेचे प्रमाणपत्र पाठवले जाऊ लागले, तरी मान तोच राहिला. रक्कम क्षुल्लक आहे. चूक दाखवणारा हा लेखकाचा सहकारी आहे, हे त्यातून मान्य होते.

आमचे म्हणणे एवढेच की मराठी विभागांनी ही मान्यता आपल्या घरापासून सुरू करावी. संहितासंपादनाच्या अभ्यासपत्रिकेत एक लहान प्रकल्प असा ठेवता येईल: विभागातील एखादे जुने संगणकीय टिपण घ्यावे, त्यातील प्रत्येक उदाहरण स्वतः चालवावे, कोणत्या आवृत्तीवर चालवले ते नोंदवावे, न चालणाऱ्याचे कारण शोधावे, नवा पाठ वर आणि जुना पाठ तळटिपेत द्यावा आणि शेवटी मराठी मजकुरावर ते पुन्हा तपासावे. ज्या लायब्ररीची उदाहरणे चुकली असतील तिच्या कर्त्यांना नम्रपणे, पुराव्यासह कळवावे. याला लघुनिबंधाइतकेच गुण द्यावेत. त्यासाठी मोठी यंत्रसामग्री लागत नाही. चिकाटी आणि दुसऱ्याच्या मजकुराबद्दल आदर एवढे लागते.

त्या विद्यार्थिनीने तोंडी परीक्षेत काय केले, ते सांगून थांबतो. प्रबंध बांधून झाला होता, पाने बदलणे शक्य नव्हते. तिने नव्या आज्ञेने तक्ता पुन्हा काढला, स्वतंत्र कागदावर शुद्धिपत्र टंकित केले, त्यात पायथनची व एनएलटीकेची आवृत्ती लिहिली आणि पहिल्या तक्त्यावरचे आपले तीन पानांचे विवेचन मागे घेत असल्याचे नमूद केले. बाह्य परीक्षकांनी सर्वांत आधी ते पानच वाचले. आम्ही दोघांनी त्यावरही सही केली, मात्र या वेळी आज्ञा स्वतः चालवून पाहिल्यावर. कपाटातली झेरॉक्स अजून तिथेच आहे. तिच्या पहिल्या पानावर आता लाल शाईत लिहिले आहे: पहिली आवृत्ती, २००९, पायथन २ साठी.